कागदाखालचा काटा

हॅलो?… कोण?… हां, तू होय. बरं झालं तूच फोन केलास. मीच लावणार होते, पण म्हटलं, आधी राग उतरू दे. भलताच नंबर लागला असता आणि कुण्या परक्यानं फुकटची बोलणी खाल्ली असती… नाही गं, तब्येतीला काय धाड भरलीय! बिघडलीय ती वागणूक. माझी नव्हे! तुझ्या वहिनीची.

हो, हो… अगं ऐक ना. आधी माझं ऐक, मग तिची वकिली कर. तुझ्या बाबांनी गाडीत चिकटवलेला काळा कागद तिनं सोलून काढला. नखांनी. मला विचारलंसुद्धा नाही.

… कुठला कागद म्हणजे? पाहुणी आहेस का तू या घरात? काट्यांवरचा!… हां, तोच. अंड्यांच्या गाडीतला. त्याच गाडीत ट्रेंच्या मधे बसून शाळेत गेलीस आणि आता विचारतेस कुठला कागद.

… जुना झाला होता, कोपरा सुटला होता, ते मलाही दिसतं. म्हणून काय काढून टाकायचा? माझेही कोपरे सुटलेत.

… हसू नकोस. गाडी दारात आली त्याच दिवशी तुझ्या बाबांनी तो लावला होता. वेगाचा काटा उघडा ठेवला, पोलिसांच्या समाधानासाठी. पेट्रोलचा उघडा ठेवला, कारण टाकीत किती उरलंय ते कानाला कळत नाही, एवढं त्यांना कबूल होतं. बाकी सगळं बंद. गरमीच्या काट्यावर कागद, ऑईलच्या काट्यावर कागद. म्हणायचे, डोळे रस्त्यावर आणि कान इंजिनावर… हो, आणि त्याच कानांवर त्यांनी उभ्या आयुष्यात अंडी पोचवली. बेकरीला, हॉटेलांना, दवाखान्याच्या स्वयंपाकघराला. ट्रेमधलं अंडं कूस बदलायचं नाही.

… कागदावर कुठं थांबली ती! आधीच त्या फिटरला सांगून एक नवीन काटा बसवून घेतलाय. वाटीएवढा गोल, स्टिअरिंगच्या समोर, दोन स्क्रू मारून. ते आरपीएम का काय ते… हो, इंजिन किती गरगर फिरतंय ते दाखवतो म्हणे. दाखवायचं काय त्यात? इंजिन जितकं फिरतं तितकं ओरडतं. ओरडायला लागलं की वरचा गिअर टाकायचा, कण्हायला लागलं की खालचा. एवढ्यासाठी वाटी कशाला हवी?

… मला गाडी चालवता येत नाही, हे तू मला सांगायला नको. चालवता येत नाही, पण ऐकता येतं ना! रोज सकाळी मी तिच्या शेजारी बसते. तुझ्या बाबांच्या शेजारी बसायचे तशीच. इंजिनानं सूर चढवला की मी म्हणते, ‘बदल.’ बस्स, एवढंच. तुझे बाबासुद्धा माझ्या शब्दावर गिअर बदलायचे… चिडायचे, ते कबूल. पण बदलायचे.

आणि ही? मी ‘बदल’ म्हणते, ही ढिम्म. पुन्हा म्हणते, ढिम्म. मग त्या वाटीत डोकावते आणि तिच्या मर्जीनं बदलते. जशी मी तिथं नाहीच. जसं काही शेजारच्या सीटवर कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं ठेवलंय!

… धक्का? नाही, धक्का नाही बसत… अगं ते खरं आहे, हल्ली फारशी फुटत नाहीत अंडी… कधीपासून म्हणजे… तो काटा लागल्यापासून. पण तो काट्याचाच गुण कशावरून? ट्रेसुद्धा नवीन आणलेत आपण… बरं बाई, ट्रे त्याच्या आधीच आणले होते. तू मला कोर्टात उभं केलंयस का?

हुश्श! हट्!… तुला नाही गं. कोंबडी शिरलीय आत. तुझा भाऊ फाटक लावत नाही. पाठ धरल्यापासून गाडी सोडली त्यानं, कोंबड्यांत रमला, सगळ्या कोंबड्यांचे स्वभाव त्याला पाठ आहेत, फक्त फाटक तेवढं विसरतो. हट् म्हटलं ना!… गेली. पायपुसणं खराब करून गेली.

हां, तर आजचं ऐक. दवाखान्याचा चढ आठवतोय ना? सिग्नलवरून जो सरळ वर जातो. मागे ही भली मोठी रांग. आणि ही मधेच गाडी कडेला घेते आणि बंद करते. मी म्हटलं, काय गं? तर म्हणते, ‘आई, गरमीचा काटा लाल रेघेला टेकला.’ तेव्हा माझं लक्ष गेलं, कागद सोललेला! मी म्हटलं, काटाबिटा सांगू नकोस मला, आवाज ठणठणीत आहे, चल पुढे. जागची हलली नाही. मागून हॉर्नवर हॉर्न, लोक खिडकीतून माना काढून बघतायत आणि मी अंड्यांसकट आत बसून सगळ्यांना तोंड दाखवतेय. इतकी शोभा झाली!

… मग? मग काय. तिनं बॉनेट उघडलं.

… होती.

… वाफ होती म्हटलं ना. थोडी.

… बरं, थोडी नव्हती. पुष्कळ होती. झालं समाधान?… पाण्याचा पाईप चिरला होता. फिटर आला, त्यानं बांधाबांध करून दिली. म्हणाला, चढाच्या टोकापर्यंत नेली असतीत तर इंजिन कायमचं बसलं असतं… हो, असंच म्हणाला. पण तो तिच्या बाजूचा! वाटी त्यानंच बसवलीय, तो काय माझ्यासारखं बोलणार?

… मला ऐकू का नाही आलं?

… बरे प्रश्न सुचतात तुला. पाणी गळतं त्याचा आवाज होतो का? इंजिन आपलं नेहमीसारखं गुणगुणत होतं. मी कान देऊन बसले होते, शपथेवर सांगते. आतून पार तापलं होतं आणि वर गुणगुणत होतं… तुझ्या बाबांनी तरी कुठं आवाज केला होता? शेवटच्या दिवशीसुद्धा गाडी धुऊन ठेवली त्यांनी… जाऊ दे. नको तो विषय.

… नाही, नाही. मी ठरवलंय. उद्यापासून ती गाडीवर नाही. भोंग्याला सांगितलंय यायला… अगं भोंगा, पाववाल्याकडे ड्रायव्हर होता तो. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा हॉर्न वाजवत जातो तो… फोडेल अंडी थोडीफार, माहीत आहे मला. पण ‘बदल’ म्हटलं की ‘हो मावशी’ म्हणेल. हिनं घरी बसून ट्रे धुवायचे आणि अंडी निवडायची.

… तिची आवड कशी मोडू म्हणजे? आवड कसली त्यात?… हो, बघते ना मी. सकाळी गाडी काढताना चेहरा खुलतो तिचा, तेवढा दिवसभरात पुन्हा खुलत नाही. बेकरीवाला तिलाच हाक मारतो आधी. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातल्या त्या बाया तिच्यासाठी चहा राखून ठेवतात… ते सगळं खरं. पण मला न जुमानता गाडी चालवायची असेल तर तो चहा घरी प्यावा.

… सांगितलं ना. दुपारीच सांगितलं तिला. मागच्या अंगणात नळाखाली ट्रे धूत होती. म्हटलं, उद्यापासून भोंगा गाडी नेईल, तू घरी. तर तोंडातून एक शब्द नाही. मान वळवली नाही. ट्रे घासतेय आपली खसाखसा. असा उर्मटपणा! आणि एरवी मी बोलायला लागले की माझ्या तोंडाकडे टक लावून बसते. डोळ्यांकडे नाही, थेट ओठांकडे. जशी माझे दात मोजतेय. घरात आली तेव्हा अशी नव्हती गं. हल्लीच शिकलीय हे.

… काय?

… पुन्हा बोल.

… कुणाला ऐकू येत नाही? तिला?… काहीतरीच काय बोलतेस! घरात वावरते, बोलते, फोन घेते…

… कुठला कान?… माझ्या बाजूचा? म्हणजे गाडीत मी बसते त्या बाजूचा?… अजिबातच नाही?

… आणि दुसरा?… बरा आहे. बरा म्हणजे किती?… समोर बसून बोललं तर कळतं. पण गाडीत सगळे आवाज एकात एक कालवले जातात, इंजिनाचा सूर चढला की उतरला ते वेगळं निघत नाही… म्हणून ती वाटी.

… तुला कुणी सांगितलं?… तुझ्याकडे राहायला आली होती तेव्हा? डॉक्टरकडे नेलंस? आणि मला म्हणालात चपला घ्यायला गेलो होतो! मी विचारलंसुद्धा होतं, चपला कुठायत? तर म्हणालीस, माप मिळालं नाही. नणंद-भावजया दोघी मिळून तोंड वर करून खोटं बोललात माझ्याशी!… तुझ्या भावाला माहीत आहे?… त्यालाही! म्हणजे एक मी आणि कोंबड्या, आम्हीच तेवढ्या बाहेरच्या.

… कशानं गेला?… त्या तापात? तो ताप आला होता तेव्हा तर मी रात्रंदिवस उशाशी होते… उतरला आणि कान घेऊन गेला. हळूहळू. आणि मी म्हणत होते, बरी झाल्यापासून पोरगी माजलीय.

… हो, आहे ना फोनवर. जाते कुठं. डॉक्टर काय म्हणाले?… गाडी चालवायला हरकत नाही? तसं लिहून दिलंय?… आरसे सारखे बघायचे. ते बघते हां ती. क्षणाक्षणाला मान हलवते, मला वाटायचं, तोंड न्याहाळतेय स्वतःचं.

… मशीन? त्या बऱ्या कानात घालायचं? आहे तिच्याकडे?… मग घालत का नाही? कपाटात ठेवून काय अंडी घालणार आहे ते?

… माझ्यामुळे?

… असं मी कधी म्हटलं?

… हो. म्हणते मी. ‘ज्याला कान नाही त्यानं गाडीला हात लावू नये.’ म्हणते, मान्य. पण ते सगळ्यांनाच म्हणते. त्या फिटरला म्हणते, तुझ्या नवऱ्यालाही म्हटलंय. बोलायची रीत आहे ती माझी. ती मनावर कोरून घ्यायची असते का?… गाडी काढून घेईन, अशी भीती?

… हो गं. काढून घेतलीच. कळतंय मला. थांब, नाक पुसते जरा.



… रडतेय? मी? तुझ्या लग्नातसुद्धा रडले नव्हते मी, लोकांनी नावं ठेवली होती.

अगं, दुपारी तिनं ऐकलंच नसणार. नळ चालू, पाठ माझ्याकडे. मी आपलं सांगून टाकलं आणि पाय आपटत आत आले. तिला उद्याचं माहीतच नाही! सकाळी नेहमीसारखी उठेल, ट्रे भरेल, दोर आवळेल, पुढे येऊन दार उघडेल, आणि तिथं भोंगा बसलेला दिसेल… चार माणसांदेखत… नको. शत्रूवरही असली वेळ नको.

… काय म्हणालीस? मला कशाचा राग आलाय?… कागदाचाच!… नाही, दुसरं काही नाही.

… तू ना, फार शहाणी झालीस. ऐकायचंय तर ऐक. मघाशी ढिम्म म्हटलं ते रागात; खरं तर तो काटा लागल्यापासून मी ‘बदल’ म्हणायच्या आत ती बदलते. नेमक्या वेळी. मी तोंड उघडते तोवर झालेलंसुद्धा असतं. आवाज मला कळायचा गं. शाळेत दोन वर्षं काढली मी, त्यातलं एक धाकट्या भावाला कडेवर घेऊन. मला त्या वाटीतले आकडे काय कळणार? इंजिनाचा सूर तेवढा माझा होता. गाडी यांची, हात यांचे, पण सूर मी धरायचे. आता तोही त्या वाटीनं काढून घेतला, तर मी त्या सीटवर बसून काय करायचं?… हां. हेच. झालं तुझं समाधान?

… आकडे वाचावेच लागत नाहीत? मग?… काटा वर चढला की ओरडतोय, खाली आला की कण्हतोय. एवढंच आहे ते?… म्हणजे माझंच ‘बदल’, डोळ्यांनी ऐकायचं… हं. असं आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

पण एक विचारते. असा काटा तुझ्या घरच्या गाडीत आहे का?… आहे! अगं पण जावईबापूंच्या गाडीत तर गिअर आपोआप पडतात ना? पायाला क्लचसुद्धा नाही, मी बघितलंय, एक पाय नुसता पाहुण्यासारखा बसलेला असतो… मग काटा कशाला?… नुसता शोभेला? आणि ते बघतात त्याच्याकडे?… कौतुकानं! काय बाई माणसं.

… काय म्हणालीस? पुन्हा म्हण ते… ‘ज्याला गिअर बदलायचाच नाही त्याच्यासमोर काटा, आणि जिला प्रत्येक चौकात हातानं बदलायचाय तिच्यासमोर काळा कागद.’ हं… खोटं नाही म्हणायचं मी. पण हे तुझ्या बाबांच्या तोंडावर म्हणायची हिंमत झाली असती का तुझी?

… कागदाचं म्हणाली होतीस? कधी?… शाळेत सोडताना? मग? रागावले?

… हसले? त्या कागदावरून? माझ्यासमोर कधी हसले नाहीत.

… थांब, थांब. काय करायचे?

… कोपरा उचलून बघायचे? तुझे बाबा? बोटानं? मी नसताना?… दवाखान्याच्या चढावर! प्रत्येक वेळी?… आणि बघून झालं की पुन्हा अंगठ्यानं दाबून चिकटवायचे… म्हणजे तो कोपरा म्हातारपणानं नाही सुटला! अगं देवा! मी तो कागद दर महिन्याला ओल्या फडक्यानं पुसायचे, त्यांची आठवण म्हणून, आणि कोपऱ्याला खळ लावायचे!

… आणि तू बोलली नाहीस कधी?… कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. बरोबर. माझाच धाक. सगळं घर माझ्या धाकानं चोऱ्या करतं, कुणी काटे बघतं, कुणी कान लपवतं…

… हसतेच आहे. हसू नको तर काय करू? चोर होता माणूस. आयुष्यभर मला कानाचं महत्त्व सांगत बसला आणि स्वतः डोळा घालत होता काट्याला.

… नाही, आता भोंगाबिंगा नको. त्याला फोन करून सांगते मी, आमचं ठरलं नाही म्हणून. त्याला काय, तो दुसऱ्या गल्लीत हॉर्न वाजवेल… तिला? तिला आत्ताच सांगते. उद्यावर ठेवलं तर रात्रभर झोप लागायची नाही मला… तू फोन ठेवू नकोस. धरून राहा. मधे बोलू नकोस पण. चपला कुठं गेल्या माझ्या… हां, मिळाल्या. जाते मागच्या अंगणात.

… दिसतेय. ट्रे धुऊन भिंतीला टेकवून ठेवतेय, उन्हाकडे तोंड करून. एवढा मोठा ढीग केलाय. दुपारपासून धूतेय बिचारी.

सूनबाई!… ए सूनबाई!… बघ, वळली नाही. आणि मी इतके दिवस या पाठीवर चिडत होते. केवढ्या केवढ्यानं बोलले असेन या पाठीशी… हो गं, कळलं, चुकीच्या बाजूला उभी आहे मी. फिरून जाते. पाणी केवढं केलंय इथं…

सूनबाई. बघ इकडे. नळ बंद कर आधी… बंद केलास? आता हात पूस आणि नीट बघ माझ्याकडे… फोनवर कोण ते सोड. तुझी नणंद आहे. तिनं सगळं सांगितलंय मला. कानाचं, डॉक्टरचं, त्या न घेतलेल्या चपलांचं… खाली बघू नकोस, वर बघ, नाहीतर तुला कळायचं नाही मी काय म्हणतेय ते. आणि रडायचं नाही. तू रडलीस तर मी आत निघून जाईन.

कान गेला तर गेला. तो काय तू उधळलास? पण मला सांगायला तोंड होतं ना तुला?… ओरडले असते? हो, ओरडलेच असते! धड कानाच्या माणसांवरसुद्धा ओरडते मी, तुला काय वेगळं वाटलं? त्यात गाडी जाते कुठं?… काढून घेणार होते, खरंय. दुपारी इथं उभी राहून तुझ्या पाठीला तसं सांगूनसुद्धा गेले. तू ऐकलं नाहीस ते बरं झालं. ते बोलणं मी परत घेतलं.

आता हे ऐक, मी पुन्हा सांगणार नाही. उद्या गाडी तूच न्यायचीस. परवाही तूच, आणि पुढेही तूच. आज त्या चढावर थांबलीस ते बरोबर केलंस, मी चुकले. गरमीचा काटा उघडा राहील, तुझी ती वाटीही राहील. ऑईलवरचा कागद उरलाय तोही काढ. पाणी लावून काढ, नखांनी काच खरवडू नकोस. आणि कपाटातलं मशीन आत्ता, माझ्यासमोर कानात घाल. कुणी बघितलं तर बघू दे, मी असते ना बरोबर, बघणाऱ्याला बघून घेईन… हो, बरोबर असते म्हणजे असतेच! ती सीट मी सोडणार नाही. बसणार आणि ‘बदल’ही म्हणणार. तू काट्याला विचारायचं आणि तुला पटेल तेव्हाच बदलायचं. आणि रस्ताभर माझी बडबड कशी सोसायची याची काळजी करू नकोस. गेलेला कान माझ्याच बाजूचा आहे, हे नशीब समज तुझं!